पाच दारांचे घर

आपला कोणता सण कोणत्या तिथीचा आणि कोणत्या देवाचा, याचा विचार पंचांगकर्त्यांनी पुष्कळ केला आहे. पण कोणता सण कोणत्या इंद्रियाचा, हा विचार कोणी केल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. रंगपंचमी डोळ्यांची, संक्रांत जिभेची, आणि गणेशोत्सव अलीकडे कानांचा, तोही कानांच्या मर्जीविरुद्ध! दिवाळीचे मात्र एकट्या इंद्रियावर भागत नाही. पहाटेच्या गारठ्यात पाठीवरून ओघळणारे कोमट तेल, उटण्याचा खरखरीतपणा आणि वर्षातून एकदाच येणारा त्याचा तो वास, कढईत पडणाऱ्या चकलीची चुरचुर, आकाशकंदिलाचा हलता उजेड आणि जिभेवर विरघळणारी करंजी. देहाच्या घराची पाचही दारे सताड उघडून आत शिरणारा असा दुसरा सण नाही.

दर दिवाळीला या पानावर मी पाहुण्यांचे नाही तर फराळाचे एखादे गाऱ्हाणे मांडते आणि वाचकही ते गोड मानून घेतात. यंदा मात्र थोडे वेगळे लिहावेसे वाटते. ज्यांना बोलता येत नाही, चालता येत नाही, वाचण्याचा तर प्रश्नच नाही, अशा मुलांचे जग या पाच दारांवरच चालते. ती दारे कोणी उघडलीच नाहीत, तर ही मुले भरल्या घरात कुलूपबंद राहतात.

माझी आतेबहीण बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला असते. तिचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून आम्हीही गुरुजीच म्हणतो. त्यांच्या मुलाला आता पंधरावे सरले. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच कोवळ्या मेंदूला इजा झाली की हातापायांवरचा ताबा जातो. इजा कुठे आणि किती, यावर पुढचे सारे अवलंबून. कित्येकांची बुद्धी अगदी शाबूत असते. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी काढली ती आपल्या मुलीच्या निमित्ताने. त्या मालिनी चिब यांनी पुढे दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि एका बोटाने टंकून आपले आत्मचरित्र लिहिले. आमच्या भाच्याचे तसे नाही. त्याचे हातपाय ताठ, मान धरता येत नाही, दृष्टी अधू, वाचा नाही, आणि अधूनमधून फिट्स येतात. तो तीन वर्षांचा असताना एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी त्याला पाच मिनिटे पाहिले आणि सांगितले, “याला काही कळत नाही. वेळेवर खाऊ घाला, स्वच्छ ठेवा.”

बहिणीने दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षे केल्या. पण एकदा ती मला म्हणाली, “अक्का, खाऊ घालायचं आणि स्वच्छ ठेवायचं, हे तर आपण देवघरातल्या देवाचंही करतो. देवाला निदान घंटा तरी वाजवून दाखवतो!”

या एका वाक्यात सारा प्रश्न आला. मूल सांभाळणे म्हणजे ते ठेवणे, की त्याने जगणे?

हाच प्रश्न हॉलंडात दोन माणसांना पडला होता. एडे नावाच्या गावी ‘द हार्टेनबर्ख’ ही तीव्र मतिमंद आणि बहुविकलांग व्यक्तींची मोठी संस्था आहे. तिथे काम करणाऱ्या यान हुल्सेगे आणि आद फेरहूल यांनी १९७० नंतरच्या दशकात एक तंबू ठोकला. त्यात होते काय? पंख्याने उडणारे कागदाचे कपटे, पाण्यात पसरणारी शाई आणि तिचे पडद्यावर पडलेले मोठे चित्र, वाद्ये, हाताळायला निरनिराळ्या पोतांच्या वस्तू, सुगंधी साबणाच्या बाटल्या आणि चाखायला काही पदार्थ. म्हणजे आपल्या जत्रेतलीच हौस, फक्त गर्दी आणि कर्णे वगळून. वर्षानुवर्षे भिंतीकडे तोंड करून पडलेली माणसे त्या तंबूत माना वळवू लागली, हात पुढे करू लागली. हुंगणे आणि डुलकी घेणे या अर्थाच्या दोन डच शब्दांची सांधेजोड करून त्यांनी या प्रकाराला ‘स्नूझेलन’ असे नाव दिले. पुढे तंबूची खोली झाली, खोलीत बुडबुड्यांचे उजळणारे उंच नळ आले, रंग बदलणाऱ्या प्रकाशतंतूंचे झुपके आले, थरथरणाऱ्या गाद्या आल्या. आज देशोदेशी अशा खोल्या आहेत. नावाचा व्यापारी हक्क एका इंग्रज कंपनीकडे असल्यामुळे बाकीचे लोक त्यांना नुसते ‘बहुसंवेदी खोली’ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, ही साहेबाची चैन. तशी सामग्री बाहेरून आणवून खोली सजवायची तर खर्च लाखांच्या घरात जातो, हेही खरे. पण कल्पना काही आपल्याला परकी नाही. आपल्या बालवाड्यांतल्या खरखरीत-गुळगुळीत पट्ट्या, वासाच्या बाटल्या, आवाजाच्या डब्या आठवा. ही साधने माँटेसोरीबाईंची, एवढे आपल्याला ठाऊक असते. बाईंनी त्यांचे मूळ घेतले ते सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराकडून. आणि त्याने १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये हे शिक्षण बसवले ते ज्यांना त्या काळी ‘जडबुद्धी’ म्हणून कोपऱ्यात टाकत, त्या मुलांसाठी. माँटेसोरीबाईंनी आधी रोममध्ये तशाच मुलांना शिकवले, आणि मग १९०७ साली इतर मुलांसाठी बालगृह काढले. तारा मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून शिंपले, बिया, पाने अशा गावातल्याच वस्तूंतून ती साधने उभी केली. म्हणजे तुमची-आमची धडधाकट मुले ज्या खेळांवर शहाणी झाली, ते खेळ मुळात या मुलांचे होते. आपण ते उसने घेतले आणि परत करायचे विसरलो.

आणि अंबाजोगाईला तर हा विचार नवा असूच नये. दासोपंतांनी सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका लांबच लांब कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. ती पासोडी अंबाजोगाईकर अभिमानाने सांगतात. पंचीकरण म्हणजे पाच महाभूतांचा हिशेब. आकाशाचा गुण शब्द, वायूचा स्पर्श, तेजाचे रूप, पाण्याचा रस आणि पृथ्वीचा गंध. ज्याला अक्षर कळत नाही त्यालाही हे पाच गुण कळतात. त्या पासोडीच्या गावी माझ्या बहिणीने आपल्या मुलाच्या खोलीचे पंचीकरण केले, असे मी तिला थट्टेने म्हणते.

तिला वाट दाखवली ती लिली नीलसन या डेन्मार्कच्या बाईंच्या पद्धतीने. बाईंची भावंडे अंध होती, त्यामुळे अंध मूल कसे शिकते हे त्यांनी लहानपणापासून घरातच पाहिले. अंध आणि बहुविकलांग मुलांसाठी त्यांनी ‘छोटी खोली’ तयार केली. छोटी म्हणजे किती? मूल आत उताणे निजेल एवढी, खोक्याएवढी! वरून आणि बाजूंनी वस्तू टांगलेल्या. मुलाचा हात जरा हलला की कशाला तरी लागतो, ते वाजते, थंड लागते, टोचते, डुलते. हात पुन्हा हलतो, तर वस्तू पुन्हा तिथेच सापडते. न पाहणाऱ्या मुलाला वस्तू सुटली म्हणजे ती जगातूनच नाहीशी झाली असे वाटते. इथे ती जागेवर असते. बाईंचे दुसरे साधन म्हणजे पातळ प्लायवूडची फळी, कडेला पट्टी मारून जमिनीपासून थोडी उचललेली. तिच्यावर मूल निजले आणि टाच आपटली की आवाजही होतो आणि तो पाठीला जाणवतोही.

गुरुजींनी सुताराकडून फळी करून घेतली. खाटेवर बांबूची चौकट उभी केली. मग बहीण स्वयंपाकघरात शिरली. पितळी पळी, स्टीलची वाटी, काकणांचा जुडगा, घुंगरू, नारळाची शेंडी, ज्वारी भरलेली पुरचुंडी, सरकीसकटचा कापूस. दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे येतात. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, पण या घरात त्याचे मानांकन आधीच झाले होते. बाहेरून खडबडीत, आतून लोण्यासारखे, वासाला गोड. हाताला, नाकाला आणि जिभेला एकाच वेळी काम देणारे दुसरे फळ दाखवा! अर्थात बिया काढून.

पाच दारे झाली. पण या घराला परसात आणखी दोन दारे आहेत, ती आपल्या ध्यानात येत नाहीत. एक तोलाचे, आणि दुसरे सांध्या-स्नायूंचे. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळते ते या दुसऱ्यामुळे. जीन एअर्स या अमेरिकन बाईंनी आपल्या १९७२ च्या पुस्तकात या दोन्हींचे महत्त्व मांडले. आपल्या आज्यांनी ते पुस्तक वाचले नव्हते, तरी रडणाऱ्या पोराला झोळीत घालावे आणि बिथरलेल्याला जड वाकळेत गुंडाळून पोटाशी धरावे, हे त्यांना माहीत होते. भाच्याची खाट आता झोपाळ्याशेजारी आहे. संध्याकाळी गुरुजी त्याला मांडीवर घेऊन हळूहळू झोके घेतात, आणि त्याच्या ताठ मुठी उमलत जातात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु नुसते पाहणे, हुंगणे आणि डुलणे म्हणजे करमणूक झाली. खरी गोष्ट त्यापुढे आहे. ज्याला आयुष्यात सारे काही दुसऱ्याने केले, भरवले, उचलले, निजवले, त्याला ‘मी केले म्हणून हे झाले’ असा अनुभव कधी येतच नाही. परदेशातल्या खोल्यांत म्हणूनच मोठी बटणे असतात. मूल दाबते आणि नळातल्या बुडबुड्यांचा रंग पालटतो. जगाने उत्तर दिले पाहिजे, एवढाच त्याचा मथितार्थ.

गुरुजींनी दारावरच्या घंटीचे बटण आणले, त्यावर बशीएवढी लाकडी चकती बसवली आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंखा त्याला जोडला. पंख्याला रंगीत चिंध्या. घरातला विजेचा प्रवाह अशा ठिकाणी मुळीच वापरायचा नाही, बॅटरीच हवी, हा त्यांचा कडक नियम. भाच्याच्या उजव्या कोपराखाली ते ठेवले. पहिले कित्येक आठवडे कोपर चुकून पडे, पंखा फिरे, आणि तो चेहऱ्यावर आलेल्या वाऱ्याने दचके. मग तो दचकेनासा झाला. मग कोपर वारंवार पडू लागले.

मी संशयी बाई. मी म्हटले, “अगं, त्याचा हात तर नेहमीच उडतो. हे मुद्दाम कशावरून?”

बहीण हसली. म्हणाली, “मलाही तेच वाटलं. म्हणून मी गुपचूप बॅटरी काढून ठेवली.”

“मग?”

“मग त्यानं कोपर टाकलं. वारा आला नाही. पुन्हा टाकलं, जोरात. पुन्हा काही नाही. मग अक्का, तो रुसला! ओठ काढून रुसला. दुसऱ्या दिवशी बटण डाव्या बाजूला ठेवलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डावं कोपर हलायला लागलं आणि उजवं निवांत पडून राहिलं.”

वाचकहो, मोठमोठ्या प्रयोगशाळांतले शास्त्रज्ञ यापेक्षा निराळे काय करतात? कारण काढून घ्यावे आणि कार्य थांबते का ते पाहावे. ‘याला काही कळत नाही’ या निदानाला बारा वर्षांनी मिळालेले उत्तर म्हणजे ते रुसणे. ज्याला रुसता येते त्याला अपेक्षा करता येते, आणि ज्याला अपेक्षा करता येते त्याला मन आहे.

गोष्ट एका घरापुरती राहिली नाही. गुरुजींच्या शाळेच्या गावात ऊसतोडीला जाणारी घरे पुष्कळ. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकांत आणि ट्रॅक्टरांत बसून कारखान्यांच्या गावी जातात, ती उन्हाळ्यातच परततात. तिथली एक बाई गेल्या वर्षी आली. तिची दहा वर्षांची मुलगी अशीच, बिछान्याला खिळलेली. आजवर म्हातारी सासू गावी राहून तिला सांभाळी. पण आता म्हातारीला ती एकटीने उचलवत नाही. दोघींना बरोबर न्यावे तर ऊसतोडीवरच्या कोपीत सहा महिने पडून राहणार. ठेवावे तर कोणाच्या भरवशावर? आणि उचल तर आधीच खर्ची पडलेली. चौकटीकडे पाहत ती म्हणाली, “गुरुजी, माझ्या पोरीला बी आसलं एक करून द्या की. कोपीत मावंल आसं.”

गुरुजींनी मोडून गुंडाळता येईल अशी चौकट करून दिली. वस्तू आखूड आणि ताणल्या जाणाऱ्या नाडीने बांधल्या, गळ्याला फास बसेल अशी लांब दोरी एकही नको. आणि म्हातारी जवळ असल्याशिवाय चौकट लावायची नाही, हे दहादा बजावले. हंगाम संपल्यावर बाई भेटायला आली. चमत्कार काही झाला नव्हता. मुलगी उठून बसली नव्हती. पण तिचा धाकटा भाऊ रोज एक नवी वस्तू शोधून टांगत होता. एकदा त्याने उसाचे सोललेले टिपरू टांगले, तर बहिणीने मान वळवून ते चाटले आणि त्या दिवसापासून टांगण्याच्या वेळी ती आवाज करू लागली. म्हातारीचेही दिवस बरे गेले. “आधी नुसती राखण करत व्हते,” ती म्हणाली म्हणे, “औंदा संगत झाली.”

या साऱ्याने मुले बरी होतात का, असे कोणी विचारील. नाही. मेंदूची इजा यामुळे भरून येत नाही. काही अभ्यासांत अशा खोलीत मुले शांत झाली, स्वतःला मारून घेणे कमी झाले, असे दिसले. पण खोलीबाहेर तो गुण किती टिकतो याबद्दल तज्ज्ञांचे एकमत नाही. गुण खोलीचा, की त्या वेळात शेजारी बसून लक्ष देणाऱ्या माणसाचा, हाही वाद आहे. बहिणीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग काय बिघडलं? त्या निमित्तानं माणूस शेजारी बसलं ना!”

सावधगिरी मात्र हवी. फिट्स येणाऱ्या मुलापुढे भराभर उघडमीट करणारे दिवे कधीही लावू नयेत. एका वेळी एकच गोष्ट. वास, नाद आणि रंग यांची भेळ केली तर मूल बावरते. त्याने मान फिरवली, श्वास भरभर चालू झाला, अंग ताठ झाले, तर तो त्याचा नकार समजावा आणि तो मानावा. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही त्याचे ‘नको’ ओळखणे, हीच त्याची पहिली प्रतिष्ठा. आणि दिवाळीत एवढे एक कराच. आळीत असे मूल असेल तर त्याच्या खिडकीखाली ॲटमबाँब लावू नका. अचानक झालेल्या आवाजाने अशा मुलांचे सारे अंग आकडीसारखे ताठते. तुमचा क्षणाचा धमाका त्याला रात्रभर पुरतो.

कायद्याने पुष्कळ देऊ केले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यात तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिक्षण घेण्याचा हक्क दिला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांनंतर पालक नेमण्याची सोय केली. पण घरी येणाऱ्या शिक्षकाने पाटी-पेन्सिल घेऊन यायचे की घुंगरू आणि सीताफळ घेऊन, हे कायदा सांगत नाही. ते आपल्याला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि अंगणवाडीच्या ताईंना शिकावे लागेल.

बहीण आता पन्नाशीकडे झुकली आहे. अशा प्रत्येक आईच्या मनात रात्री एकच प्रश्न जागा असतो: आपल्यामागे याचे कसे? त्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि कायद्याकडे अर्धेच आहे. पण तिने एक वही घातली आहे. तिच्यात औषधे आहेत, फिट आली तर काय करायचे ते आहे, आणि त्याखेरीज पानेच्या पाने त्याच्या आवडी आहेत. काकणांपेक्षा घुंगरू आवडते. थंड पळी उजव्या गालाला चालते, डाव्याला नाही. सायंकाळी झोपाळा, सकाळी नको. ओल्या मातीच्या वासाला हसतो. पंखा बंद पडला तर रुसतो. रुसू द्यावे, मग बॅटरी घालावी.

पहिल्या पानावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: “हा कोण आहे ते यात आहे. सांभाळण्यापूर्वी ओळख करून घ्यावी.”